मागचं चाक सारखं सरकतंय? स्ट्रीट ट्रायल्स सायकलला हबची रुंदी कशी ठरवायची

स्ट्रीट ट्रायल्स, म्हणजे पाय न टेकवता सायकलने कठड्यांवर-पायऱ्यांवर उड्या मारणं. ते करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "चाक मधोमध बसवतो, बोल्ट जीव खाऊन आवळतो, आणि चार-दोन पेडल किक मारल्या की टायर डाव्या चेनस्टेला घासायला लागतो." (चेनस्टे म्हणजे क्रँकपासून मागच्या चाकाकडे जाणारा फ्रेमचा पाइप.) पाठोपाठ चेन सैल पडते, साइडहॉपच्या, म्हणजे बाजूच्या उडीच्या, ऐन वेळी दात सोडते, आणि डिस्क ब्रेक असेल तर रोटरची किरकिर सुरू होते. मग नवे बोल्ट येतात, जाड वायसर येतात, पान्याला पाइप लावून आवळणं होतं. काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

बोल्टचा दोष यात क्वचितच असतो. बहुतेकदा फ्रेमच्या मागच्या दोन ड्रॉपआऊटमधलं (एक्सल ज्यांच्या खाचेत बसतो त्या पट्ट्यांमधलं) अंतर आणि हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) रुंदी यांचा मेळ नसतो. तो दोन-चार मिलिमीटरचा फरक कुणीतरी वायसर घालून किंवा फ्रेम हाताने फाकवून निभावून नेलेला असतो. तयार सायकलमध्ये हा प्रश्न फारसा येत नाही, कारण सगळं एकाच कारखान्यात जुळवलेलं असतं. फ्रेम एकीकडून, हब दुसरीकडून आणि क्रँक तिसरीकडून आणून सायकल बांधणाऱ्यांनाच तो हमखास गाठतो.

घासतं ते डावीकडेच का

आधी जोर किती लागतो ते बघा. रायडर ७० किलोचा धरू. तो एका पायडलवर नुसता उभा राहिला तरी पायडलवर सुमारे ६८७ न्यूटन येतात. क्रँक १७० मिमी लांब, आणि ट्रायल्ससाठी लावलेल्या २२ दाती चेनव्हीलची त्रिज्या जेमतेम ४४.५ मिमी. म्हणजे चेनवर जवळजवळ ३.८ पट ताण, साधारण २,६०० न्यूटन. किलोच्या हिशोबात २६५ ते २७० किलोची ओढ झाली. ४४ दाती चेनव्हीलच्या साध्या सायकलवर हाच माणूस उभा राहिला तर आकडा निम्मा होतो. ट्रायल्समध्ये माणूस नुसता उभा राहत नाही, अंग झोकून किक मारतो, त्यामुळे खरा ताण याहून बराच जास्त असतो. "माझ्या जुन्या सायकलचं चाक कधी सरकलं नाही, हिचंच का सरकतं" याचं उत्तर हेच आहे.

ही ओढ मधोमध लागत नाही. चेन उजवीकडे आहे. १३५ मिमीच्या हबमध्ये चेन मध्यरेषेपासून ४९.५ मिमीवर असेल, तर ओढीचा ८७ टक्के भार उजव्या ड्रॉपआऊटवर येतो आणि डाव्यावर फक्त १३. उजवं टोक पुढे सरकतं, चाक वरून पाहिलं तर डावीकडे वळतं, आणि टायरचा पुढचा काठ डाव्या चेनस्टेला टेकतो. उजवीकडचा एक्सल फक्त १ मिमी पुढे गेला तरी २४ इंची चाकाचा काठ सव्वादोन मिमी डावीकडे जातो. १६० मिमीच्या रोटरचा काठ त्याच वेळी अर्ध्या मिमीहून जास्त हलू शकतो. ब्रेकचा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) कुठे बसवलाय त्यावर ते कमीजास्त होईल, पण पॅड आणि रोटर यांच्यातली फट मुळात तेवढीही नसते.

इथेच एक समज काढून टाकतो. रुंद हब घेतला की चाक सरकायचं थांबेल, असं अनेकांना वाटतं. हाच हिशोब ११६ मिमीच्या हबला ४४ मिमी चेनलाइन (मध्यरेषेपासून चेनपर्यंतचं अंतर) धरून केला, तर उजवीकडे ८८ टक्के येतात. १४८ ला ५२ धरून केला तर ८५. बत्तीस मिलिमीटर रुंदी वाढवून तीन टक्के पदरात पडले. चाक जागेवर धरून ठेवतं ते घर्षण, म्हणजे ड्रॉपआऊटच्या धातूवर बोल्टची किंवा नटची पूर्ण सपाटी किती घट्ट बसते ते. रुंदीचा आकडा चुकला की नेमकी ती सपाटी बिघडते.

आधी मोजा, मग पाना हातात घ्या

चाक काढा. व्हर्नियर कॅलिपर नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा, टेपने हे काम होत नाही. दोन ड्रॉपआऊटच्या आतल्या पृष्ठांमधलं अंतर खाचेच्या पुढच्या टोकाला मोजा, मग मागच्या टोकाला, मग खाचेच्या वर आणि खाली. चारही आकडे सारखे यायला हवेत. पुढे १३५.२ आणि मागे १३४.५ आलं, तर ड्रॉपआऊट समांतर नाहीत. अशा फ्रेममध्ये हब कितीही अचूक असला तरी बोल्ट कोपऱ्यावरच टेकणार.

हबची रुंदी एक्सलच्या टोकापासून टोकापर्यंत मोजायची नाही. फ्रेम ज्या दोन पृष्ठांना टेकते, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लॉकनटची किंवा टोपणांची बाहेरची तोंडं, त्यांच्यामधलं अंतर हवं. एक्सलची टोकं यापुढे खाचेत जातात, ती या मोजणीत धरत नाहीत.

१४२ बाय १२ (रुंदी १४२, एक्सल १२ मिमी जाड) थ्रू एक्सलच्या, म्हणजे खाचेऐवजी भोकातून आरपार जाणाऱ्या एक्सलच्या, फ्रेममध्ये बरेच जण फसतात. या फ्रेमच्या ड्रॉपआऊटला आतून साधारण साडेतीन-साडेतीन मिमीचे खळगे असतात आणि हबची टोकं त्या खळग्यांत बसतात. खळग्याच्या तळापासून तळापर्यंत १४२. पण वरवरच्या पृष्ठांमध्ये मोजलं तर १३५ च्या आसपास येतं. तो आकडा बघून माणूस १३५ चा हब मागवतो, आणि हब आल्यावर तो खळग्यांमध्ये खुळखुळतो.

हब फ्रेममध्ये हलक्या हाताने सरकत जायला हवा. अर्धा मिमी इकडे-तिकडे असेल तर काळजी नको. दोन अंगठ्यांनी फ्रेम फाकवावी लागत असेल, किंवा बोल्ट आवळताना ड्रॉपआऊट आत येताना दिसत असतील, तर दुखणं सापडलं.

एक उदाहरण सांगतो. एकाने स्थानिक वेल्डरकडून ४१३० क्रोमोली स्टीलची २४ इंची फ्रेम बनवून घेतली होती. कागदावर १३५ लिहिलेलं होतं, वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप ओढले गेल्यावर फ्रेममध्ये प्रत्यक्षात १३१.५ उरलं. हब १३५ चा. पोरगा दर वेळी फ्रेम फाकवून चाक आत ढकलायचा. साडेतीन मिमी म्हणजे दर बाजूला पावणेदोन. सुमारे ३६० मिमी लांब चेनस्टेवर हा कोन पाव अंशापेक्षा थोडा जास्त होतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण २० मिमी व्यासाच्या वायसरखाली तेवढ्याने ०.१ मिमीची फट पडते, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीइतकी. चाक काढून पाहिलं तर उजव्या ड्रॉपआऊटवर वायसरचा ठसा पूर्ण वर्तुळ नव्हताच, फक्त एका बाजूला चकाकणारी चंद्रकोर होती. उरलेल्या भागावर पावडर कोटिंग जसंच्या तसं. बोल्ट त्या चंद्रकोरीवरच सगळा जोर देत होता.

तुमच्या सायकलचा ठसाही असाच तपासा. पूर्ण गोल असेल आणि तरी चाक सरकत असेल, तर रंगाकडे वळा. पावडर कोटिंग दाबाखाली हळूहळू दबत जातं आणि बोल्टचा ताण उतरतो. जिथे वायसर बसतो तिथला रंग बारीक पॉलिश पेपरने धातूपर्यंत काढायचा. फ्रेम स्टीलची असेल तर उघड्या धातूला गंज लागू नये म्हणून मधूनमधून पुसायची, पण त्या सपाटीवर ग्रीस लावायचं नाही. ग्रीस फक्त आट्यांना. दातेरी वायसर असेल तर त्याचे दात फ्रेमच्या बाजूला. (दात बाहेर ठेवून बसवलेले इतके पाहिलेत की आता हसूही येत नाही.)

चाक सरळ बसतंय पण रिम मधोमध येत नाही, ही वेगळी तक्रार. चाक काढून उलटं, म्हणजे डावी बाजू उजवीकडे करून बसवा. रिम पहिल्यासारखा त्याच बाजूला झुकला तर फ्रेम वाकडी, विरुद्ध बाजूला गेला तर स्पोकचा ताण बदलून चाक मधोमध आणायचं राहिलंय. आऊट काढणारा कुणीही चांगला मेकॅनिक ते करून देईल.

कोणते आकडे बाजारात आहेत, आणि कोणता तुमचा

बीएमएक्सचे हब ११० मिमीचे, एक्सल बहुधा १४ मिमी जाड. २० इंची ट्रायल्स सायकलला ११६ मिमी आणि १० मिमीचे बोल्ट हे जुनं, रुळलेलं माप. २६ इंची ट्रायल्स आणि बऱ्याच स्ट्रीट ट्रायल्स सायकलींना १३५. त्यानंतर माउंटन बाइककडून आलेले १४२ बाय १२ आणि बूस्टवाला १४८ बाय १२. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये माप वेगळं असू शकतं, म्हणून मॉडेलच्या नावावरून हब मागवू नका.

२००९ साली डॅनी मॅकॲस्किल या स्कॉटिश ट्रायल्स रायडरचा एडिंबरामधला व्हिडिओ आला आणि २४ इंची स्ट्रीट ट्रायल्स हा प्रकार जगभर पोचला. त्या सायकलची गंमत अशी की ती ट्रायल्स, बीएमएक्स आणि माउंटन बाइक या तिन्हींच्या मधे उभी आहे. म्हणूनच हबचा घोळ होतो. तिन्ही घरचे हब तिला लागू शकतात आणि तिन्हींचं माप वेगळं.

माझं मत सरळ आहे. नवी फ्रेम बांधून घेणार असाल, डिस्क ब्रेक हवा असेल आणि चाक २४ किंवा २६ इंची असेल, तर १३५ मिमी, आडव्या खाचा, १० मिमी बोल्टवाला सिंगल स्पीड हब. १३५ चे हब सगळ्यात सहज मिळतात, जुन्या बाजारातही मिळतात, आणि चांगल्या कंपन्यांच्या बऱ्याच हबची टोपणं बदलून तोच हब १४२ ला चालतो. हे जमतं कारण १३५ आणि १४२ मध्ये फ्लॅंज (हबच्या ज्या कडांना स्पोक अडकतात त्या) आणि रोटर यांची जागा तीच राहते, वाढलेले सात मिमी फक्त खळग्यात जाणाऱ्या टोकांचे असतात. १४८ चं तसं नाही. त्यात फ्लॅंज दोन्हीकडे तीन-तीन मिमी बाहेर सरकवलेले असतात आणि रोटरही. १४२ च्या हबला जोडपट्ट्या लावून १४८ मध्ये बसवता येतं, पण १४८ चा हब १४२ किंवा १३५ च्या फ्रेममध्ये कुठल्याही टोपणाने मावणार नाही.

११६ चा फायदा खरा आहे, पण तो ताकदीचा नाही, टाचेचा आहे. मागचा भाग अरुंद असला की बॅकहॉप (मागच्या चाकावर उड्या) करताना टाच ड्रॉपआऊटला किंवा कॅलिपरला लागत नाही. २० इंची सायकल, रिमवर हायड्रॉलिक ब्रेक, पुढच्या क्रँकवर फ्रीव्हील, अशी मांडणी असेल तर ११६ घ्या आणि विषय संपवा. त्याच ११६ मध्ये डिस्क घालायची हौस असेल तर आधी हब हातात घ्या. रोटर, फ्लॅंज आणि स्प्रॉकेट (मागचं दातेरी चाक) इतक्या कमी जागेत कोंबताना फ्लॅंज एकमेकांजवळ येतात आणि आडवा मार खाताना चाक लवकर आऊट होतं.

बीएमएक्सचा ११० चा हब ११६ मध्ये दोन्हीकडे तीन-तीन मिमीचे वायसर घालून बसवता येतो, हे खरं. पण १४ मिमीचा एक्सल १० मिमीच्या खाचेत जात नाही, आणि मग लोक कानस घेऊन खाच रुंद करतात. ते करू नका. ट्रायल्स फ्रेमच्या ड्रॉपआऊटला खाचेच्या वर-खाली फार मांस नसतं. तुम्ही काढलेले दोन-दोन मिमी म्हणजे तडा जाण्याची जागा.

आपल्याकडच्या स्वस्त गिअरवाल्या एमटीबीचं मागचं चाक काढून लावायचा मोह होतो, कारण तेही १३५ च असतं. माप जुळतं, हब जुळत नाही. त्यातले बरेच हब मागून फ्रीव्हील आट्यांवर बसवायचे असतात. सात गिअरच्या फ्रीव्हीलला जागा द्यायची म्हणून उजवीकडचे छर्रे आत ढकललेले असतात आणि तिथून ड्रॉपआऊटपर्यंत एक्सल आधाराशिवाय लटकतो. त्यावर मागच्या चाकावर उडी मारून उतरलात की एक्सल वाकतो, आणि पोकळ क्विक रिलीजचा असेल तर मोडतोही. शिवाय आधी काढलेला २,६०० न्यूटनचा ताण आडव्या खाचेत क्विक रिलीजला पेलत नाही.

सिंगल स्पीड किंवा ट्रायल्स हबचा खरा फायदा स्पोकमध्ये दिसतो. गिअरच्या डिस्क हबमध्ये उजवा फ्लॅंज मध्यापासून साधारण २१ मिमीवर आणि डावा ३४ च्या आसपास, त्यामुळे डावीकडचे स्पोक उजवीकडच्यांच्या साठ टक्के ताणावर राहतात आणि आडव्या धक्क्यात ढिले पडतात. कॅसेटची (मागच्या गिअरच्या चकत्यांची) लांबी गेली की उजवा फ्लॅंज बाहेर सरकवता येतो आणि दोन्हीकडचा ताण जवळपास सारखा होतो. रुंदी १३५ च, चाक मात्र कितीतरी दणकट. हबवर पैसे घालायचे तर यासाठी घाला.

चेनलाइन: आकडा जुळला तरी काम अर्धंच

चाक सरकत नाही, चेन तरी दात सोडते, असं असेल तर चेनलाइन मोजा. पुढची बाजू: सीट ट्यूबच्या व्यासाचा अर्धा, अधिक ट्यूबच्या पृष्ठापासून चेनव्हीलच्या दाताच्या मध्यापर्यंतचं अंतर. ट्यूब ३१.८ मिमीची आणि पुढचं अंतर ३२ असेल तर १५.९ अधिक ३२, म्हणजे ४७.९. मागची बाजू: हबच्या रुंदीचा अर्धा, वजा ड्रॉपआऊटच्या आतल्या पृष्ठापासून स्प्रॉकेटच्या दाताच्या मध्यापर्यंतचं अंतर. १३५ चा अर्धा ६७.५, त्यातून १८ गेले, ४९.५. फरक १.६ मिमी. एरवीच्या सायकलला हे चालून जातं. ट्रायल्समध्ये मी एक मिमीच्या आत आणतो, कारण चेनस्टे आखूड असल्याने तेवढ्याच फरकाचा कोन मोठा पडतो.

सुधारायचं कुठून, हे हबवर ठरतं. लांब फ्रीहबचा (स्प्रॉकेट ज्याच्यावर सरकवून बसतं त्या भागाचा) हब असेल तर स्पेसर पुढे-मागे करून स्प्रॉकेट हवं तिथे नेता येतं. ट्रायल्सच्या आखूड फ्रीहबवर ही मोकळीक दोन-चार मिमीचीच. आट्यांवर घट्ट बसणारं स्प्रॉकेट असेल तर मागे काहीच हलत नाही, पुढे बॉटम ब्रॅकेटची लांबी बदलायची किंवा चेनव्हीलमागे पातळ स्पेसर घालायचा. पुढच्या क्रँकवर फ्रीव्हील असेल तर पायडल न मारता सायकल नुसती घरंगळत असतानाही चेन फिरत राहते. म्हणून वाकड्या चेनलाइनचा आवाज तिथे सतत येतो, आणि झीजही त्याच हिशोबाने.

रुंदीची चूक वायसरने झाकताना चेनलाइन आणि रोटर दोन्ही कसे हलतात ते लक्षात ठेवा. सहा मिमी फक्त उजवीकडे घातले, तर हबचा मध्य तीन मिमी डावीकडे जातो, रिम पुन्हा मधोमध आणावा लागतो आणि स्प्रॉकेटही तीन मिमी आत येतं. डावीकडे घातले तर रोटर ड्रॉपआऊटपासून दूर जातो आणि कॅलिपरशी जुळत नाही. १३५ च्या मापात रोटर बसण्याची जागा ड्रॉपआऊटपासून साधारण १५ मिमीवर ठरलेली आहे. ती हलवून कॅलिपर जुळवत बसणं म्हणजे एका गाठीसाठी दुसरी गाठ मारणं.

फाकवावी का?

स्टीलची फ्रेम चार-पाच मिमी फाकवून कायमची रुंद करता येते, पण फाकवल्यावर ड्रॉपआऊट पुन्हा समांतर करावे लागतात आणि त्यासाठी खास हत्यार लागतं. ते नसेल तर फाकवण्याने आधीपेक्षा मोठी चंद्रकोर मिळेल. वर सांगितलेल्या फ्रेमचं नंतर हेच केलं: थोडी फाकवली, खाचा समांतर केल्या, रंग खरवडला. बोल्ट जुनेच ठेवले आणि चाक जागेवर राहिलं. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला मात्र हात लावू नका. ती वाकते कमी आणि तडकते जास्त, तेही वेल्डजवळ, जिथे तडा उशिरा दिसतो. ॲल्युमिनियमची फ्रेम आणि हब यांचा मेळ नसेल तर हब विका.

फ्रेम बांधून घेताना

क्रम महत्त्वाचा. आधी हब विकत घ्या, मग फ्रेमचं माप द्या. वेल्डरला नुसतं "१३५" सांगू नका, प्रत्यक्ष हब किंवा त्याच मापाचा डमी एक्सल द्या आणि वेल्डिंगच्या पूर्ण वेळात तो ड्रॉपआऊटमध्ये आवळलेला ठेवायला सांगा. थंड झाल्यावर डमी काढून मोजायचं, रंगाला जाण्याआधी. एक मिमीपेक्षा जास्त ओढलं गेलं असेल तर दुरुस्त करायची वेळ तीच. बसण्याच्या सपाटीवर आणि खाचेत रंग नको, तिथे टेप लावायला सांगा.

चेन ताणायला दोन्ही बाजूंना स्नेल कॅम (एक्सलवर बसणाऱ्या गोगलगाईच्या आकाराच्या चकत्या) टेकतील अशी खुंटी ड्रॉपआऊटवर मागा. उजवा कॅम खुंटीला घट्ट टेकलेला असला की चेनची ओढ बोल्टच्या घर्षणावरच अवलंबून राहत नाही. दोन्ही कॅम सारख्याच आकड्यावर ठेवले तरी चाक तिरकं बसलं, तर कॅमचा दोष शोधण्याआधी खुंट्या एक्सलपासून सारख्या अंतरावर आहेत का ते बघा. हाताने बांधलेल्या फ्रेममध्ये त्या बऱ्याचदा नसतात.

१४२ किंवा १४८ चा चांगला हब आधीच घरात पडलेला असेल तर थ्रू एक्सलची फ्रेम बांधायला हरकत नाही. चाक सरकण्याचा प्रश्न तिथे मुळातच नाही. मात्र एक्सल एकाच जागी राहणार, त्यामुळे चेन ताणायला सरकते ड्रॉपआऊट किंवा एक्सेंट्रिक बॉटम ब्रॅकेट (फिरवला की क्रँकचा एक्सल पुढे-मागे सरकवणारा) लागेल. बाहेर लटकणारा टेन्शनर (चेन ताणणारा हात) रस्त्यावरच्या कठड्यांवर पहिल्यांदा आपटतो. सरकते ड्रॉपआऊट घेतलेत तर त्यांचे बोल्ट नव्या सायकलवर पहिल्या काही राइडनंतर पुन्हा आवळा. तिथेही सपाटीवरचा रंग दबतोच.